न बघता दिलेली ओ

आधीच सांगून टाकते, नंतर कुणी म्हणायला नको की बाईंनी लपवलं. त्या माणसाला मी खोटारडा ठरवलं होतं, तेही लेखी. शब्द सभ्य होते, 'वापरणाऱ्याचं म्हणणं मशीनमधल्या नोंदींशी जुळत नाही' असे, पण अर्थ तोच होता.

मी ड्रायव्हर लिहिते. असं म्हटलं की लोक गोंधळतात, म्हणून उलगडून सांगते. आमची कंपनी कागद कापायच्या मोठ्या मशिनी बनवते. हजार कागदांचा गठ्ठा आत ठेवायचा, पायाने पॅडल दाबायचं, वरून हातभर रुंद पातं येतं आणि गठ्ठ्याची कड सरळ होते. मशिनीच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो. तो आपल्या कामात गुंग असतो. कापलेले गठ्ठे मोजणारं यंत्र, पॅडल, असे मशिनीचे जे अवयव आहेत, ते गरज पडली की त्याला हाक मारतात. मग हातातलं काम टाकून त्याने त्या हाकेला ओ द्यायची. एकेका अवयवाच्या हाकेला ओ देणारा प्रोग्रॅमचा जो तुकडा, तो ड्रायव्हर. सत्तावीस वर्षं मी हेच लिहीत आलेय, आणि ऑफिसात माझा दरारा आहे. कुणी तपासून न बघता काही लिहिलं की मी त्याची सगळ्यांदेखत बिनपाण्याने करते. ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देण्याचं कामही माझ्याकडेच आहे. सकाळचा चहा संपेपर्यंत माझी सहा उत्तरं लिहून होतात.

तर पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यात आमच्या जुन्या मशीनवर एका कारागिराची उजव्या हाताची दोन बोटं गेली. मधल्या पेरापासून.

असं व्हायलाच नको होतं. पात्यासमोर प्रकाशाचा पडदा असतो. एका बाजूने बारीक किरणं निघतात, दुसऱ्या बाजूला पोचतात. मध्ये हात आला की पडदा हाक मारतो आणि पातं जिथल्या तिथे थांबतं. नव्या मशिनींत पडद्याची तार थेट पात्याच्या ब्रेकला जाते, मधे कॉम्प्युटरची लुडबुड नाही. ही मशीन जुनी होती. हिच्यात पडद्याची हाक कॉम्प्युटरमार्फत, म्हणजे माझ्या ड्रायव्हरमार्फतच जायची.

कारागीर म्हणत होता, हात आत होता तरी पातं थांबलं नाही. मी मशीनमधल्या नोंदी मागवल्या. त्या क्षणाला मोजणीच्या यंत्राची एक हाक आणि तिला दिलेली ओ, एवढंच होतं. पडद्याची हाकच नव्हती. म्हटलं, झालं! पडदा मुका केलेला होता. घाई असली की काही कारागीर पडद्याच्या जोडणीत तारेचा तुकडा खोचतात, म्हणजे तो मधेमधे अडवत नाही. अपघात झाला की त्या गोंधळात कुणीतरी तार काढून खिशात घालतो आणि मग मशीनच्या नावाने शंख. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय? असे तीन जण मी याआधी पाहिले होते. तसं सभ्य शब्दांत लिहून नोंदींसकट कारखान्याला पाठवून दिलं.

अपघातानंतर अकराव्या दिवशी सकाळी साहेबांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. 'प्रणालीत दोष आढळला नाही. अपघात वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झाला.' खाली माझ्या सहीची जागा.

"चार वाजेपर्यंत पाठवायचाय, बाई. तुमची सही झाली की कारखान्याचा मालकही मोकळा. तो म्हणतोय, तार खोचणारा माणूस मला नको. दोष मशीनचा असेल तरच परत घेईन."

मी पेनचं टोपण काढलंसुद्धा होतं. तेवढ्यात दारात मिस्त्री उभा राहिला. मिस्त्री म्हणजे आमच्या मशिनींच्या दुरुस्तीला फिरणारा माणूस, निवृत्तीला आलेला, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा.

"बाई, सही करण्याआधी एकदा मशीन बघून येऊ."

"नोंदी बघितल्यात मी. मशीन काय बघायची?"

"नोंदी तुम्ही बघितल्यात," तो म्हणाला. "पात्याखालून बोटं मी काढली."

टोपण लावलं, कागद पर्समध्ये घातला आणि निघाले. चिडूनच निघाले. जिन्यात मिस्त्रीला म्हटलंसुद्धा, तुमच्या भावनांपायी माझा अख्खा दिवस वाया.

कारखाना म्हणजे एक लांबलचक हॉल होता. एका भिंतीला न बांधलेल्या पानांचे ढीग, दुसऱ्या भिंतीला प्रेस, आणि मधोमध आमची मशीन. जमीन धुतलेली होती. मशीनच्या पायाशी थोडी जास्तच घासलेली होती, तिथे फरशीचा रंग वेगळा दिसत होता. मी तिकडे बघायचं टाळलं. पाचसहा माणसं कामात होती. कुणी मान वर केली नाही, पण सगळ्यांचे कान आमच्याकडे होते.

मिस्त्रीने पुठ्ठ्याची एक लांब नळी आणली, कागदाच्या रिळात असते तसली. हाताच्या जागी ती पुढे करायची, असं ठरलं. तो पॅडल दाबणार, मी नळी सरकवणार. पहिल्या वेळी पातं खाली यायला लागलं, नळी पडद्यात शिरली, आणि खट्! पातं अर्ध्यात थांबलं. लाल दिवा लागला. दुसऱ्यांदा तेच. आम्ही तीस वेळा केलं. तीसच्या तीस वेळा पातं थांबलं.

"समाधान झालं?" मी मिस्त्रीला विचारलं. मला खरं सांगायचं तर आनंद झाला होता. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद, तोच, दुसरा कसला असणार!

"हे असं काम करत नाहीत."

आवाज मागून आला. पुस्तकांच्या पाठीला डिंक लावत एक बाई बसली होती, चाळिशीची, ब्रश हातात तसाच.

"कोण हे?" मी विचारलं.

"ज्यांना खोटं पाडायला तुम्ही आलाय, ते. माझे यजमान."

हॉलमधले सगळे हात थांबले. मी नळी खाली केली. मग म्हटलं, "बरं, मग कसं काम करतात?"

ती उठली, हात पुसले. "बाकीचे सकाळी एकदा मोजणी शून्य करतात आणि संध्याकाळी वजाबाकी करून आकडा सांगतात. ह्यांना ते चालत नाही. एका कामाचे गठ्ठे दुसऱ्यात मिसळलेले खपत नाहीत ह्यांना. गठ्ठा बदलला की आधी मोजणी शून्य, मग पॅडल. सगळे हसतात त्यांना. काटेकोर म्हणूनच हाक मारतात इथे."

"मोजणी शून्य करण्याचा आणि पडद्याचा काय संबंध? डोंबल!"

"करून बघायला काय जातंय?" मिस्त्री म्हणाला.

म्हटलं, बघू. शून्याचं बटण दाबलं, मिस्त्रीने पॅडल दाबलं, मी नळी पुढे केली. पातं थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा थांबलं. मी त्या बाईकडे नुसतं बघितलं.

"तुम्ही फार सावकाश करताय, ताई. ह्यांचा हात चालता आहे. सरा." तिने नळी माझ्या हातातून घेतली. "मिस्त्रीकाका, मी बटण दाबलं की लगेच पाय. मधे श्वास घ्यायचा नाही."

शून्य, पाय, हात. एका दमात.

पातं थांबलं नाही. सरळ खाली आलं, धप्पकन, आणि वर गेलं. लाल दिवा लागला नाही. नळीचा पुढचा तुकडा टेबलावरून गडगडत आला आणि माझ्या चपलेवर पडला.

त्या बाईच्या हातात वीतभर नळी उरली होती आणि ती त्या कापलेल्या टोकाकडे बघत होती. सत्तावीस वर्षांत मी मशीनला घाबरले नव्हते. त्या वेळी दोन पावलं मागे सरले.

"पुन्हा," मी म्हटलं.

दुसरी लांब नळी घेऊन तिनेच दहा वेळा केलं. सहा वेळा थांबलं. चार वेळा नाही.

मग ती मटकन खाली बसली, पानांच्या ढिगाला टेकून. "मी पण विचारलं होतं हो ह्यांना," ती म्हणाली. माझ्याशी बोलत होती की मिस्त्रीशी, कळत नव्हतं. "दवाखान्यातून घरी आणल्यावर. म्हटलं, जगाला काय सांगायचं ते सांगा, मला खरं सांगा. तार खोचली होतीत ना? त्या दिवसापासून माझ्याशी बोललेले नाहीत. तुमच्या कंपनीने नोंदी काढून दाखवल्या, शिकलेली माणसं तुम्ही, म्हटलं नोंदी काय खोटं सांगतील?"

मी लॅपटॉप मशीनला जोडला. ज्या पाच वेळा पातं थांबलं नव्हतं, त्या पाचही वेळांची नोंद एकच होती: मोजणीची हाक, ओ दिली. पडद्याचं नाव नाही. अकरा दिवसांपूर्वीची नोंद जशी होती, अगदी तश्शी. जिच्या जोरावर मी त्या माणसाला खोटं ठरवलं, ती नोंद नळीचा तुकडा पायाशी पडलेला असतानाही तेच बोलत होती.

"म्हणजे झालं काय?" मिस्त्रीने विचारलं.

मला दिसायला लागलं होतं, पण सांगायला वेळ लागला. या मशीनमध्ये मोजणी आणि पडदा, दोघांना हाक मारायला तार एकच आहे. जुनी मशीन, तारा कमी, म्हणून वाटून घेतलेली.

"लहानपणी आमच्या इमारतीत तीन बिऱ्हाडं होती आणि खाली बेल एकच," मी म्हटलं. "बेल वाजली की पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून वाकून बघायचं. त्यांच्याकडचं माणूस असेल तर 'आले' म्हणायचं. नसेल तर 'आमचं नाही गं' असं वर ओरडायचं, मग वरच्यांनी बघायचं. इथे तसंच आहे. तारेवर हाक आली की कॉम्प्युटर आधी मोजणीच्या ड्रायव्हरला विचारतो, तुझी का? त्याने मोजणीचं यंत्र तपासायचं आणि खरं काय ते सांगायचं. तो 'माझी नाही' म्हणाला तरच कॉम्प्युटर पुढे पडद्याच्या ड्रायव्हरला विचारतो. 'माझी' म्हणाला की विषय तिथेच मिटला."

"बरं."

"आमच्या काकू हात कामात असले की वाकून बघायच्याच नाहीत. आतूनच ओरडायच्या, 'आलेऽऽ!' वरची बिऱ्हाडं निवांत बसायची. आणि दारातला माणूस उभा राहून राहून निघून जायचा. शून्याचं बटण दाबलं की थोडा वेळ मोजणीचा ड्रायव्हर तेच करतोय. न बघता ओ देतोय. त्याच वेळात पडद्याने हाक मारली तर ती पडद्याच्या ड्रायव्हरपर्यंत पोचतच नाही. हाक एकदाच येते. गेली ती गेली."

मिस्त्रीने नुसती मान हलवली. मला मात्र आता कारण सापडलं होतं, आणि कारण सापडलं की माझा राग सुटतो. मोजणीचा ड्रायव्हर तीन वर्षांपासून आमच्या चष्मिषकडे होता. नव्या मुलांत हुशार, पण घाईगडबडीचा अर्क. मी तिथूनच फोन लावला.

"मोजणीचा ड्रायव्हर उघड."

"मॅडम, जेवतोय."

"जेवण गेलं खड्ड्यात! उघड आधी. शून्य केल्यानंतरचा भाग बघ. कितीदा सांगितलं होतं तुला, स्वतःचं यंत्र तपासल्याशिवाय ओ द्यायची नाही? कितीदा? तुझ्या या घाईपायी एका माणसाची बोटं गेलीत, बोटं! कळतंय का तुला?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसती बटणं वाजत होती. मी बोलतच होते. त्याच्या आळसाबद्दल, त्याच्या पिढीबद्दल, दुसऱ्याच्या जिवाची पर्वा नसण्याबद्दल. हॉलमधली सगळी माणसं ऐकत होती आणि मला ते बरंच वाटत होतं. चूक कुणाची ते सगळ्यांना कळू दे.

"मॅडम, सापडलं," तो म्हणाला. "शून्य केल्यापासून पाऊण सेकंद, काहीही न तपासता 'माझी' असं उत्तर देतोय."

"कुणी शिकवलं होतं हे शहाणपण?"

"मॅडम... वर शेरा लिहिलाय."

"मग वाच."

"वाचू?"

"अरे वाच ना! मुहूर्त काढायचाय का?"

"'तात्पुरतं. शून्य करताना मोजणी खोट्या हाका मारते, त्याने चाचणी अडते. उद्या काढणे.'" तो थांबला. "खाली तारीख आहे. बारा वर्षांपूर्वीची."

"आणि नाव?"

"मॅडम, मी तेव्हा शाळेत होतो."

त्याने नाव उच्चारलं नाही. चांगला मुलगा आहे.

मग आठवलं. सगळंच आठवलं, दिवस, खुर्ची, खिडकी. नवं मोजणीचं यंत्र आलं होतं. ते शून्य करताना सटासट खोट्या हाका मारायचं. त्या हाका कुणाच्याच नाहीत असं ठरलं, की कॉम्प्युटर ती तारच बिघडलेली समजून बंद करायचा, आणि माझी चाचणी दर पाच मिनिटांनी बंद पडायची. वैतागून मी ती ओळ घातली. पाऊण सेकंद, जी हाक येईल ती आपली म्हण आणि सोडून दे. दुपारपुरती. शेरा लिहीत होते तेवढ्यात फोन वाजला. मुलीच्या शाळेतून. तिला ताप भरलाय, घेऊन जा. मी उठले. ताप तीन दिवसांत उतरला. परत आले तेव्हा टेबलावर दुसरीच आग लागलेली होती. ती ओळ मी पुन्हा कधी उघडली नाही. मुलगी आता कॉलेजात जाते.

बारा वर्षं! शून्य आणि पडदा पाऊण सेकंदात एकत्र आले नाहीत, म्हणून निभावलं. सगळे सकाळी एकदाच शून्य करत होते. जो एक माणूस प्रत्येक गठ्ठ्याला नीट, मन लावून शून्य करत होता, त्याचीच बोटं गेली. आणि मी त्याला निष्काळजी लिहून सही करायला निघाले होते. पेनचं टोपण काढलं होतं मी.

त्या बाईशेजारी, पानांच्या ढिगाला टेकून, मी पण बसले. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ही म्हण मी चष्मिषला कमीत कमी वीस वेळा ऐकवली असेल. मिस्त्रीने पाण्याचा पेला आणून दिला. तिला आधी द्या, मी म्हटलं.

"ताई, म्हणजे कुणाची चूक निघाली?" तिने विचारलं.

"माझी," मी म्हटलं. "ती ओळ मी लिहिलेली आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मारलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं. पण ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "हे त्यांना येऊन सांगा."

आधी एक काम होतं. चष्मिषला पुन्हा फोन केला. अशा एकशे चाळीस मशिनी विकल्या गेल्यात, प्रत्येकाला आत्ताच्या आत्ता फोन लाव, नवा ड्रायव्हर येईपर्यंत मशीन बंद. तो म्हणाला, मॅडम, मघाशीच लावायला घेतलेत, चौदा झाले. तुझं जेवण? विचारल्यावर म्हणाला, राहू दे.

साहेबांचा फोन आला तेव्हा तीन वाजले होते. चष्मिषने त्यांना सांगितलेलं होतंच.

"बाई, डोकं शांत ठेवा. मशिनी बंद ठेवू, ड्रायव्हर गुपचूप बदलून टाकू. पण त्या कागदावर सही करा. बारा वर्षांपूर्वीचं कोण उकरतंय? तुमचंच नाव खराब होईल."

"साहेब, नाव माझंच आहे तिथे. शेऱ्याखाली. बारा वर्षं लिहिलेलं आहे."

"अहो पण—"

मी फोन ठेवला. पर्समधून कागद काढला, 'दोष आढळला नाही' यावर काट मारली आणि खाली लिहिलं की दोष आढळला, तो अमुक ओळीत आहे, ती ओळ माझी आहे, कारागिराने तार खोचलेली नव्हती. सही केली. एक प्रत कारखान्याच्या मालकाच्या हातात दिली. तो दोनदा वाचून म्हणाला, "असं कुणी लिहून देत नाही हो, बाई." मी म्हटलं, घ्या.

मग त्या बाईबरोबर त्यांच्या घरी गेले. मिस्त्रीही आला. दोन जिने चढून एक खोली, खिडकीशी टेबल. तो टेबलाशी बसला होता. उजव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज. डाव्या हाताने वहीत आकडे गिरवत होता, एक ते नऊ, ओळीत, चौकोन न सोडता. आम्हाला बघून त्याने पेन्सिल खाली ठेवली, वहीच्या कडेला समांतर.

मी उभ्यानेच सांगितलं. बसायचा धीर झाला नाही. पाऊण सेकंद, एकच तार, न बघता दिलेली ओ, माझी ओळ, सगळं. एकदाही मधे न थांबता. "तुम्ही खरं बोलत होतात," मी म्हटलं. "मी तुम्हाला खोटं ठरवलं. लिहून. मला क्षमा मागायचं तोंड नाही, तरी मागते."

बायको दारातच रडायला लागली. "ऐकलंत ना? माझंही चुकलं हो," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे बघितलं, बऱ्याच दिवसांनी बघत असावा तसं, आणि डाव्या हाताने शेजारची खुर्ची थोडी ओढली. ती येऊन बसली.

"म्हणजे मी शून्य केलं नसतं तर वाचलो असतो?" त्याने मला विचारलं.

"हो."

"पण मोजणी चुकली असती."

मी सही केलेला कागद पर्समधून काढून त्याच्यापुढे ठेवला.

त्याने तो वाचला, खालच्या सहीपाशी थांबला. मग म्हणाला, "तक्रारींना उत्तरं देतात त्या बाई तुम्हीच का? सही बघितल्यासारखी वाटते."

"मीच देते. का?"

तो उठला. कपाटातून एक फाइल काढली. फाइलमधला एक कागद त्याने एका हाताने अलगद बाहेर ओढला आणि माझ्यासमोर ठेवला. आमच्या कंपनीचा कागद, दोन वर्षांपूर्वीचा. खाली माझी सही.

'आपली तक्रार मिळाली. पडदा तपासला, त्यात दोष नाही. गठ्ठा सरकवण्यासाठी लाकडी फळी वापरू नये, पात्याला इजा होते.'

मला हे उत्तर आठवत नव्हतं. अजिबात नाही. पण कसं लिहिलं असेल ते ठाऊक होतं. चहाचा कप हातात, पुढे पाच तक्रारी पडलेल्या, मशीन कुठे आहे ते न विचारता.

"दोन वर्षांपूर्वी दोनदा असंच झालं होतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, समजावून सांगत होता. "पातं थांबलं नव्हतं. तेव्हा मी हात घालायचोच नाही आत. गठ्ठा सरकवायला फळी ठेवायचो. म्हणून फळीवर निभावलं."

त्याने कपाटाच्या वर हात घालून ती काढली. हातभर लांब, पॉलिश केलेली, धरायच्या जागी कापड गुंडाळलेलं. स्वतः बनवलेली असणार. पुढचं टोक सरळ कापलेलं होतं, कारखान्यातल्या नळीसारखं.

"मग तुम्ही फळी का सोडली?" मी विचारलं. उत्तर माझ्यासमोर टेबलावर पडलेलं होतं, तरी विचारलं.

"तुमचं उत्तर आलं ना," तो म्हणाला. "दोष नाही म्हणून. म्हटलं, आपल्यालाच भास झाला असेल. एवढ्या शिकलेल्या बाईंनी लिहिलंय, म्हणजे बघूनच लिहिलं असणार."